चाकणची ईक्यूएस, बाणेरचं तळघर: एका आलिशान इलेक्ट्रिक गाडीचं पहिलं वर्ष

मर्सिडीज-बेंझची ईक्यूएस ५८० ही सेडान भारतात ३० सप्टेंबर २०२२ रोजी दाखल झाली. ती पूर्ण आयात होऊन येत नाही, पुण्याजवळ चाकणच्या कारखान्यात जोडली जाते. म्हणूनच पदार्पणाची एक्स-शोरूम किंमत १.५५ कोटी ठेवता आली. त्याच्या महिनाभर आधी आलेली, पूर्ण आयातीची एएमजी ईक्यूएस ५३ (याच गाडीची जास्त वेगवान आवृत्ती) तब्बल २.४५ कोटींची होती. वापरात येणारी बॅटरी १०७.८ किलोवॅट-अवर (म्हणजे तेवढेच विजेचे युनिट), ताकद ५२३ अश्वशक्ती, शून्य ते शंभर ४.३ सेकंदांत, आणि एआरएआयचं (वाहनांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचं) प्रमाणपत्र एका चार्जमध्ये ८५७ किलोमीटरचं. हे आकडे जाहिरातीत सगळ्यांनी वाचले. या प्रकरणात पाहायचं ते असं, की ही गाडी पुण्यातल्या एका सोसायटीत, एका घरात नांदायला आली की पहिल्या वर्षात काय काय होतं.

प्रकरणातलं कुटुंब प्रातिनिधिक आहे. गाडीचे, विजेचे आणि रस्त्यांचे आकडे मात्र खरे. बाणेरमधली मोठी सोसायटी, तळघरात पार्किंग. मालकांचा भोसरीत सुट्या भागांचा कारखाना. घरात आधीची गाडी लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांमध्ये जास्त अंतर असलेली) मर्सिडीज ई-क्लास, तीही चाकणचीच. आठवडाभर गाडी पगारी ड्रायव्हर चालवतो, सुट्टीच्या दिवशी मालक. मागे बसणारी मुख्य व्यक्ती म्हणजे मालकांच्या आई, पंच्याहत्तरीच्या घरातल्या, दोन्ही गुडघे दुखरे. महिन्याचा वापर साधारण १२०० किलोमीटर: कारखाना, शहरातली कामं, मुंबईच्या फेऱ्या, मधूनच महाबळेश्वर किंवा नागपूर.

शोरूममध्ये पाहिलं काय, राहिलं काय

पहिली छाप पडते ती काचेच्या पडद्याची. डॅशबोर्डच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत १४१ सेंटिमीटरची एकसंध काच, तिच्याखाली तीन पडदे. पंधरवड्यात तिची नवलाई संपते आणि रोजच्या वापरात नकाशा, एसी आणि कॅमेरा एवढंच उरतं. दुसरी छाप शांततेची, आणि ती टिकते. तिसरी वेगाची. मालकांनी गाडी चालवून पाहिली, पाय दाबला, हसले आणि टोकन भरलं.

मागच्या सीटवर मात्र कुणी पाच मिनिटांपेक्षा जास्त बसलं नाही. या प्रकरणातली सगळ्यात महागडी चूक हीच. बॅटरी गाडीच्या तळात पसरलेली असल्यामुळे मागच्या पायांखालची फरशी वर येते. वरून छत मागे उतरत जातं, म्हणजे सीटही फार उंच करता येत नाही. फरशी वर आणि सीट तिथंच, म्हणून माणूस गुडघे वर करून बसतो. मांडीचा पुढचा भाग सीटपासून सुटतो आणि सगळा भार कंबरेखाली येतो. पंधरा मिनिटांत काहीच कळत नाही. लोणावळा येईपर्यंत आई बूड सरकवायला लागतात. जुन्या लांब ई-क्लासमध्ये पाय पसरून बसायची सवय असलेल्या माणसाला हा फरक जास्तच जाणवतो. ईक्यूएसचा व्हीलबेस ३२१० मिलिमीटर, म्हणजे लांबीत कुठंच कमी नाही. कमी पडते ती टाच आणि सीट यांच्यामधली उंची, आणि ती कुठल्याच माहितीपत्रकात छापत नाहीत.

तपासायची पद्धत सोपी आहे. मागे नीट टेकून बसा, दोन्ही पावलं सपाट टेकवा आणि गुडघ्याच्या अलीकडे मांडीखाली तळहात सरकवा. तो अडखळत आत गेला तर सीटचा आधार आहे. आख्खी मूठ मावत असेल तर लांबच्या प्रवासात त्रास ठरलेला. मग पुढची सीट ड्रायव्हरच्या उंचीला लावून तिच्याखाली पावलं जातात का बघा. पुढची सीट अगदी खाली असेल तर बूट अडतात. हे सगळं बसणाऱ्या माणसानंच करायचं. 'आईंना चालेल' असं मुलानं परस्पर ठरवू नये.

या घरात तोडगा निघाला तो असा: आई पुढे, ड्रायव्हरशेजारी बसतात. तिथं सीट हवी तशी वर-खाली होते, मांडीचा आधार पुढे ओढता येतो, आणि उतरण्याआधी सीट मागे सरकवून पूर्ण वर घेतली की गुडघ्यांवर कमी ताण येतो. उतरण्यापूर्वी ड्रायव्हर हवेचं सस्पेन्शनही वर करतो; २५ मिलिमीटर म्हणजे एक इंच, पण दुखऱ्या गुडघ्याला तो इंच कळतो. मान-मरातबाच्या हिशेबात हे उलटं वाटतं खरं. दीड कोटींची गाडी आणि घरातली सगळ्यात मोठी व्यक्ती मागे बसत नाही! पण कंबरेला मान-मरातब कळत नाही.

तळघराचा उतार आणि पार्किंगची पाटी

गाडी घरी आली त्याच संध्याकाळी उताराच्या तोंडाशी खालून खर्र असा आवाज आला. गाडीखाली टणक काही लटकत नव्हतं, ड्रायव्हरचीही चूक नव्हती. चूक भूमितीची.

सपाट रस्ता आणि उतार जिथं मिळतात तिथं एक कड तयार होते. पुढची चाकं उतारावर आणि मागची सपाटीवर असतात तेव्हा ही कड गाडीच्या पोटाकडे वर येते. किती वर, ते काढता येतं: व्हीलबेसची निम्मी लांबी गुणिले उताराच्या निम्म्या कोनाची साइन. उतार १:८ असेल तर कोन सुमारे ७.१ अंश. ईक्यूएससाठी १६०५ मिलिमीटर गुणिले ०.०६२, म्हणजे जवळजवळ १०० मिलिमीटर. एवढी मोकळी जागा त्या एका कडेनंच खाल्ली. उतार १:६ असेल तर हाच आकडा १३२ मिलिमीटरवर जातो, आणि चार माणसं बसलेली असताना गाडी पोटावर टेकते. एखाद्या छोट्या एसयूव्हीचा व्हीलबेस २५०० धरला तर १:६ लाही १०३ मिलिमीटरच लागतात, आणि तिची मूळ उंची जास्त असते. त्यामुळे शेजाऱ्याची गाडी सहज उतरते म्हणून आपलीही उतरेल, हा अंदाज चुकतो.

यावर दोन उपाय. पहिला फुकटचा: उताराआधी सस्पेन्शन वर घेणं. ४० किलोमीटर वेगापर्यंत गाडी २५ मिलिमीटर उचलता येते आणि ५० ला ती आपोआप खाली बसते. ड्रायव्हरला हे सवयीनं करावं लागतं. बटण दाबल्यावर गाडी वर यायला काही क्षण जातात, तेवढं थांबावं लागतं. दुसरा उपाय सोसायटीचा: कडेच्या दोन्ही बाजूंना दोन-अडीच मीटर लांबीचा, निम्म्या चढाचा टप्पा काँक्रीटमध्ये काढून घेणं. एका तीक्ष्ण कडेच्या दोन बोथट कडा होतात आणि प्रत्येकीची उंची निम्मी राहते. हे काम दोन दिवसांचं, पण समितीच्या सभेत ते मंजूर करून घ्यायला दोन महिने जातात. गाडी बुक केल्या दिवशीच अर्ज टाकावा.

गतिरोधकांचंही हेच गणित. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकात गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद सांगितलेला आहे. त्यावरून ही गाडी हळू नेली तर निघते. गावाच्या वेशीवर कुणी रातोरात टाकलेला उंचवटा कुठलंच मानक पाळत नाही. तिथं तिरकं चढवणं, एकेक चाक वर घेणं, हाच जुना मार्ग.

पार्किंगची जागा हा वेगळा मामला. या कुटुंबाच्या नावावर होती यांत्रिक दुमजली पार्किंगची वरची ताटली. तिच्या खांबावर पाटी होती: कमाल २००० किलो. ईक्यूएस ५८० रिकामीच अडीच टनांच्या वर जाते. ताटली कदाचित एकदा उचलेलही, पण साखळी, हायड्रॉलिक आणि कुलूप यांच्यावर रोजचा अर्ध्या टनाहून जास्तीचा भार टाकणं म्हणजे खालच्या माणसाच्या गाडीवर टांगती तलवार. शेवटी जमिनीवरची जागा असलेल्या शेजाऱ्याशी अदलाबदल झाली. अशी अदलाबदल तोंडी करू नये. समितीच्या ठरावात आणि पार्किंगच्या नोंदवहीत ती आली पाहिजे, कारण पुढे विजेची जोडणी त्याच जागेला मिळणार असते.

जागेची लांबी ५.५ मीटर असेल तर ५.२१ मीटरच्या गाडीला पुढे-मागे मिळून जेमतेम २८ सेंटिमीटर उरतात. रुंदी अडीच मीटर असेल तर आरसे सोडून ५७ सेंटिमीटर, तेही दोन्ही बाजूंना मिळून. चार्जिंगचं झाकण मागच्या उजव्या चाकावर आहे. म्हणून गाडी मागे घेत लावायची आणि वॉलबॉक्स, म्हणजे भिंतीवरचा चार्जर, मागच्या भिंतीवर, ड्रायव्हरच्या बाजूला बसवायचा. केबल दोन हातांची पुरते आणि जाणाऱ्या-येणाऱ्याच्या पायात येत नाही. एक खबरदारी: कमी वेगात या गाडीची मागची चाकं पुढच्यांच्या उलट दिशेला वळतात. त्यामुळे गाडी आश्चर्य वाटावं इतक्या कमी जागेत फिरते, पण बाहेर पडताना स्टिअरिंग लवकर वळवलं तर शेपूट खांबाच्या दिशेनं झुकतं. आधी अर्धी गाडी सरळ बाहेर, मग वळण.

वीज: खरा ताप इथं

गाडीसोबत ११ किलोवॅटचा वॉलबॉक्स येतो. त्याला तीन फेज लागतात, प्रत्येक फेजवर १६ अँपिअर. १० टक्क्यांवरून शंभरपर्यंत सुमारे ९७ युनिट भरायचे. भरताना होणारी दहाएक टक्के घट धरली तर पावणेदहा-दहा तास. रात्री अकरा ते सकाळी सात एवढ्या वेळात बॅटरीच्या ७० टक्क्यांहून थोडं जास्त भरतं. रोज ४०-५० किलोमीटर फिरणाऱ्या घराला आठवड्यातून दोनदा चार्जिंगची गन लावली की पुरतं. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर हेच काम जवळपास दोन दिवसांचं. तो मार्ग परगावी अडल्यावर वापरायचा.

वीज घ्यायची कुठून? घरगुती मीटरवरून घेतली तर महिन्याला अडीच-तीनशे युनिट घरच्या वापरावर चढतात आणि बिल वरच्या टप्प्यात जातं; तिथला दर सगळ्यात चढा. महावितरणकडे इलेक्ट्रिक वाहन चार्जिंगसाठी वेगळी दरश्रेणी आहे. एवढा वापर असेल तर वेगळं मीटर घेणंच परवडतं. क्रम असा: सोसायटीचं ना हरकत पत्र, पार्किंगचा ठराव, महावितरणकडे नव्या जोडणीचा अर्ज, जागेची पाहणी, कोटेशन भरणं, परवानाधारक कंत्राटदाराचा टेस्ट रिपोर्ट, मीटर. स्वतःच्या गाडीच्या चार्जिंगला वेगळा परवाना लागत नाही. समितीत हा प्रश्न हमखास निघतो, म्हणून ते अर्जातच लिहून टाकावं.

मीटर रूमपासून जागा ७० मीटर. कंत्राटदारानं ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल लिहून दिली होती. व्होल्टेज किती पडतं तेवढंच पाहिलं तर ती चालते: किलोमीटरला ४.६ ओहम, म्हणजे ७० मीटरवर ०.३२ ओहम आणि १६ अँपिअरला फेजमागे पाच व्होल्ट. पण गीझर वीस मिनिटं चालतो, गाडी आठ-दहा तास पूर्ण भार घेते, आणि तळघराच्या ट्रेमध्ये ही केबल इतर डझनभर केबलींच्या गठ्ठ्यात, उन्हाळ्यात, हवा न लागता पडून असते. उष्णतेचा विचार करून ६ चौरस मिलिमीटर, पाच गाभ्यांची, आर्मर्ड केबल घातली. खर्चातला फरक मजुरीच्या मानानं किरकोळ.

डिस्ट्रिब्युशन बॉक्समध्ये चार पोलचा सी-कर्व्ह एमसीबी (जास्त प्रवाहाला पडणारा स्विच), सर्ज अरेस्टर (विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच). इथं एक बारकावा बहुतेक इलेक्ट्रिशियनना माहीत नसतो. घरात सर्रास बसवतात तो 'एसी' प्रकारचा आरसीसीबी इथं चालत नाही. गाडीच्या चार्जरमधून डीसी प्रवाह जमिनीकडे झिरपू शकतो, आणि त्यानं या आरसीसीबीचा गाभा बधिर होतो; मग खरा शॉक बसायची वेळ येते तेव्हा तो पडतच नाही. वॉलबॉक्समध्ये ६ मिलिअँपिअरची डीसी गळती ओळखणारी सोय असेल तर बाहेर 'ए' प्रकारचा पुरतो. नसेल तर 'बी' प्रकारचा घ्यावा लागतो, आणि तो बराच महाग असतो. वॉलबॉक्सच्या पत्रकात हे लिहिलेलं असतं. काम सुरू होण्याआधी तेवढी एक ओळ शोधावी.

इतकं करूनही पहिल्या महिन्यात भलताच प्रकार सुरू झाला. रात्री गन लावायची, सकाळी पाहावं तर गाडी साठ-बासष्ट टक्क्यांवर थांबलेली आणि वॉलबॉक्सवर लाल दिवा. पुन्हा गन काढून लावली की चालू. पहिला संशय साहजिकच गाडीवर गेला. वर्कशॉपमध्ये तपासली, काही सापडलं नाही. मग वॉचमननं सांगितलं, "साहेब, लाइट जाऊन जनरेटर लागला की तुमचा दिवा लाल होतो."

झालं होतं असं: कंत्राटदारानं वॉलबॉक्सचं सर्किट जनरेटर पाठीशी असलेल्या पॅनेलवर टाकलं होतं. महावितरणच्या पुरवठ्यावर न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्ट होते. जनरेटरवर मात्र न्यूट्रल नीट अर्थ केलेला नसल्यानं हाच आकडा बराच वर जात होता. वॉलबॉक्सच्या दृष्टीनं ही अर्थिंगची बिघाडी, आणि सुरक्षेसाठी तो पुरवठा तोडून थांबतो. वीज परत आली तरी काही वॉलबॉक्स आपणहून सुरू होत नाहीत. गन हातानं काढून लावावी लागते.

उपाय तीन पायऱ्यांचा निघाला. गाडीचं सर्किट जनरेटरच्या पॅनेलवरून काढून थेट मुख्य पुरवठ्यावर. तसंही डिझेल जाळून एवढी मोठी बॅटरी भरण्यात काही अर्थ नाही, आणि लिफ्ट व पंपांसाठी राखलेला जनरेटर त्या भारानं बसायचा. दुसरं, वॉलबॉक्ससाठी तांब्याच्या मुलाम्याच्या इलेक्ट्रोडचा स्वतंत्र अर्थिंग पिट आणि उन्हाळ्यात मोजूनही ५ ओहमच्या आत येणारा रोध. मोजणी पावसाळ्यात केली तर ओल्या जमिनीमुळे आकडा फसवा चांगला येतो. तिसरं, वीज परत आल्यावर काही मिनिटांनी आपोआप चार्जिंग सुरू होण्याची सेटिंग. या तिन्हीनंतर लाल दिवा गेला. भारतात 'गाडी चार्ज होत नाही' अशी तक्रार आली की आधी मल्टीमीटर काढून न्यूट्रल-अर्थ व्होल्टेज मोजावं आणि मगच गाडी वर्कशॉपला न्यावी. दहा मिनिटांच्या कामासाठी टो-ट्रकचा फेरा वाचतो.

८५७ कुठं गेले?

प्रमाणपत्रातला आकडा १०० किलोमीटरला १२.६ युनिट एवढ्या खपावर येतो. रस्त्यावर शहरात २१ ते २४ आणि हायवेवर १८ ते २० धरावेत, म्हणजे पूर्ण चार्जवर ४५० ते ६०० किलोमीटर. फरक का पडतो, हे एकदा समजून घेतलं की चिडचिड थांबते.

बाणेर-हिंजवडीच्या कोंडीत सरासरी वेग १८ किलोमीटर. एसी, पडदे, पंखे, पंप मिळून दोन किलोवॅट खातात. ते वेळेच्या हिशेबानं खातात, अंतराच्या नाही. १८ च्या वेगानं शंभर किलोमीटर जायला साडेपाच तास. म्हणजे गाडी हलवण्याव्यतिरिक्तच ११ युनिट गेले. हायवेवर शंभरच्या वेगानं तेच शंभर किलोमीटर तासात होतात आणि वरखर्च दोन युनिटांवर येतो. हवेचा रोध या गाडीत मुळातच कमी आहे. ड्रॅग गुणांक ०.२०. शंभरच्या वेगाला हवा कापायला साधारण सहा युनिट लागतात, १२० ला नऊ. त्यामुळे समृद्धी महामार्गावर १२० नं गेल्यावर रेंज घटते, पण एखाद्या उभट एसयूव्हीइतकी कोसळत नाही.

घाटाचं गणित वेगळं. माणसं धरून गाडी २८५० किलो, आणि खोपोलीकडून लोणावळ्यापर्यंतची चढण साधारण ५५० मीटर. निव्वळ वर चढायलाच सव्वाचार युनिट. उतरताना त्यातले निम्म्याहून अधिक परत मिळतात. म्हणून पुण्याहून मुंबईला जाताना खप कमी दिसतो, परतताना जास्त. गाडीत बिघाड झालेला नसतो. महाबळेश्वरला उलटी अडचण येते. रात्री हॉटेलवर बॅटरी शंभर टक्के भरून सकाळी पसरणी घाटानं वाईकडे निघालात तर उतारावर मिळणारी वीज ठेवायला जागाच नसते. गाडी तेव्हा पुनर्भरणाचं ब्रेकिंग (मोटरनंच वेग कमी करून वीज परत बॅटरीत टाकणं) कमी करते आणि अडीच टनांचा भार साध्या ब्रेकवर येतो. डोंगरावर मुक्काम असेल तर ८५-९० टक्क्यांवर थांबवावं.

पुनर्भरणाच्या पातळ्या स्टिअरिंगमागच्या पट्ट्यांनी बदलतात. डी-मायनसमध्ये पाय उचलला की गाडी जोरात मंदावते. चालवणाऱ्याला मजा, मागे बसणाऱ्याला मळमळ. ड्रायव्हर ठेवणाऱ्या घरांनी डी किंवा डी-प्लसच वापरावं. आणखी एक: पुनर्भरणाबरोबर ब्रेकचं पेडल आपणहून खाली-वर होतं. नव्या ड्रायव्हरचा पाय जिथं पेडल शोधतो तिथं ते नसतं. पहिले काही दिवस ड्रायव्हरला सकाळी मोकळ्या रस्त्यावर एकट्यानं गाडी फिरवू द्यावी. त्याचं त्यालाच उमगतं.

लांबच्या प्रवासात गाडीची क्षमता आणि चार्जरची क्षमता यांची गल्लत होते. गाडी २०० किलोवॅटपर्यंत घेते आणि तशा चार्जरवर १० ते ८० टक्के ३१ मिनिटांत होतात. वाटेत मात्र अनेक ठिकाणी ३० किंवा ६० किलोवॅटचे चार्जर. हेच ७५ युनिट भरायला ६० च्या चार्जरवर सव्वा तासाच्या वर आणि ३० वर अडीच तास लागतात. दोन गनांच्या ६० च्या यंत्राला शेजारी दुसरी गाडी लागली की अनेकदा दोघांना तीस-तीस मिळतात. म्हणून नकाशावर चार्जर दिसला की आधी किलोवॅट आणि गनांची संख्या बघायची, मग जेवायची जागा ठरवायची. पुणे ते नागपूर, छत्रपती संभाजीनगरमार्गे, सातशेच्या घरातलं अंतर. संभाजीनगरला पाऊणएक तास आणि पुढे आणखी एक थांबा धरूनच निघावं.

टायर, पाणी आणि बंद बॉनेट

या गाडीचं बॉनेट मालकानं उघडायचं नसतंच. ते सर्व्हिसवालेच उघडतात. काच धुण्याचं पाणी पुढच्या डाव्या मडगार्डवरच्या छोट्या झाकणातून भरतात. पेट्रोल पंपावरच्या उत्साही पोराला हे आधी सांगावं, नाहीतर तो बॉनेटची कड उचकटायला बघतो.

पंक्चर झालं तर जॅक ठरलेल्या खुणेवरच लावायचा. मधल्या भागात जॅक म्हणजे थेट बॅटरीच्या पेटीवर. टायरच्या आत आवाज शोषणारा फोम चिकटवलेला असेल तर पॅच लावण्याआधी तेवढा तुकडा सोलावा लागतो. न सोलता लावलेला पॅच सुटतो. गाडी ओढून न्यायची वेळ आली तर फक्त फ्लॅटबेड. दोन्ही अ‍ॅक्सलवर कायम-चुंबकी मोटर आहेत. चाकं फिरत राहिली तर त्या वीज तयार करत राहतात.

पावसाळ्यात तळघरात पाणी शिरलं आणि ते गाडीच्या पोटापर्यंत चढलं तर गाडी सुरू करायची नाही, चार्जिंगला लावायची नाही, फोटो काढून विमा कंपनीला कळवायचं. विमा घेताना शून्य घसाऱ्यासोबत बॅटरी आणि वॉलबॉक्स यांचं स्वतंत्र संरक्षण आहे का ते पाहावं. गाडीखाली घासल्यानं झालेलं नुकसान कुठल्या कलमात बसतं, हे एजंटकडून लेखी घ्यावं.

परदेशी जाऊन गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर मोठी बॅटरी ५०-६० टक्क्यांवर सोडावी आणि फोनवरच्या अ‍ॅपमधून रोज 'किती टक्के' विचारू नये. प्रत्येक विचारणीला गाडीचे संगणक जागे होतात आणि १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरते. ती उतरली की शंभर युनिट पोटात असूनही गाडी उघडत नाही.

हिशेब

करांनी सुरुवातीला मोठा हात दिला. इलेक्ट्रिक गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि महाराष्ट्रात नोंदणीवेळी मोटार वाहन कर माफ. याच किमतीच्या पेट्रोल गाडीला तेव्हा वीसेक लाख नुसता कर भरावा लागला असता. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या इलेक्ट्रिक गाड्यांवर ६ टक्के कर प्रस्तावित झाला होता, तो त्याच महिन्यात मागे घेण्याची घोषणा मुख्यमंत्र्यांनी विधान परिषदेत केली.

चालवण्याचा खर्च: १२०० किलोमीटरला भिंतीतून साधारण २९० युनिट. दर दहा रुपये धरला तर २९०० रुपये. दहाचं मायलेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला १२० लिटर, १०५ च्या भावानं १२,६०० रुपये. वर्षाची बचत १.१५ लाखांच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं, पण किंमत वर्षात दहा टक्के जरी उतरली तरी पंधरा लाख जातात. पेट्रोल वाचवायला ही गाडी घेणाऱ्यानं पुन्हा एकदा बेरीज करावी.

आणि किंमत उतरलीच. सप्टेंबर २०२४ मध्ये ईक्यूएस ५८० ची एसयूव्ही चाकणहूनच आली, १.४१ कोटींना, म्हणजे सेडानच्या पदार्पणाच्या किमतीपेक्षाही कमी. बॅटरी १२२ किलोवॅट-अवर, आणि उंच. तळघराच्या उताराला घाबरणारा, आईवडिलांना मागे बसवणारा ग्राहक तिकडे वळला. जुन्या सेडानला मागणाऱ्यांची संख्या रोडावली. वर्षभरात विकायचा विचार या घरातही झाला, दोन ठिकाणी भाव काढला, आणि गाडी ठेवायचं ठरलं. मालक आता ती बहुतेक स्वतः चालवतात. आईंसाठी जुनी ई-क्लास विकलेली नाही.

पुढे कधी विकायची वेळ आली तर उपयोगी पडतील म्हणून फाइलमध्ये ठेवलेली कागदपत्रं अशी: प्रत्येक सर्व्हिसला काढलेला बॅटरीच्या क्षमतेचा अहवाल, गाडीखालच्या बॅटरी-पेटीचे दरवर्षीचे फोटो, दर दोन वर्षांनी बदललेल्या ब्रेक ऑइलची पावती, अर्थिंग मोजणीचा रिपोर्ट आणि वॉलबॉक्सचं वॉरंटी कार्ड.